बेचाळीस दिवसांचा माल

मे महिन्यात देवगाव रंगारीच्या शिवारात अद्रकीच्या बेडची तयारी सुरू होते. नांगरट आटोपलेली, रोटाव्हेटर फिरलेला, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवलेल्या, आणि वावराच्या तोंडाशी कोंबडी खताचे ढीग. अशाच एका ढिगावर सकाळी तित्तिरांची जोडी उकरताना दिसली, म्हणून मी थांबले. तित्तिर हा लाजरा पक्षी. माणसाची चाहूल लागली की तुरुतुरु पळत बाभळीखाली गडप होतो. ही दोघं मात्र मी बरीच जवळ जाईपर्यंत ढिगातच होती. पायांनी खत मागे उडवायचं, मान वाकवायची, काहीतरी टिपायचं, पुन्हा उकरायचं.

"रोज येतेत," खत पसरायला आलेली मावशी म्हणाली. "आमच्या आधी येतेत. त्याहिला काय, आयतं दाणं."

तिनं पदर नाकावरून घेऊन मागं घट्ट खोचला होता. हातात घमेलं, पायात झिजलेली चप्पल, हातमोजे नाहीत. ट्रॉली रिकामी करणारा ड्रायव्हर शेतमालकाला समजावत होता, "बेचाळीस दिवसांचा माल आहे भाऊ, एकाच बॅचचा. पाणी लागलेलं नाही." बेचाळीस दिवस. खताची पत सांगायला त्यानं कोंबडीचं आयुष्य सांगितलं होतं.

ब्रॉयलरचं एक दिवसाचं पिल्लू शेडमध्ये येतं ते भाताच्या तुसाच्या गादीवर. जेमतेम सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या आसपास जातं आणि रात्रीच्या गाडीत भरलं जातं. मागे राहते ती गादी. तिच्यात विष्ठा असते, पिसं असतात, सांडलेल्या खाद्यातला मक्याचा आणि सोयाबीनचा चुरा असतो, त्यावर पोसलेले काळे भुंगेरे आणि अळ्या असतात. तित्तिराला, लाव्याला, मोराला मे महिन्याच्या कोरड्या रानात यापेक्षा चांगलं ताट मिळणं अवघड. म्हणून ते येतात.

घमेली भरता भरता मावशीनं खतातून एक वाळलेलं पिल्लू ओढून काढलं. चपटं झालेलं, पिसं चिकटलेली. तिनं ते न बघता बांधाकडे भिरकावलं. थोड्या वेळानं एक कुत्रं ते घेऊन गेलं. एवढंच घडलं, आणि कोणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही. ते पिल्लू उष्म्यानं मेलं होतं की रोगानं? शेडमध्ये रोज काही मर होतेच. ती वेगळी काढून चुना टाकून पुरायची असते. जी नजरेतून सुटते ती गादीत दबते, गादीबरोबर ट्रॉलीत चढते आणि वावरात उतरते.

कोंबडी खतातून रोग रानातल्या पाखरांत जातो का, हा प्रश्न दूर अमेरिकेत रानटी टर्कीच्या संदर्भात विचारला जातो. शिकारीनं आणि जंगलतोडीनं जवळपास संपलेला हा पक्षी तिथल्या लोकांनी विसाव्या शतकात मेहनतीनं परत आणला. त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत ब्रॉयलरचे प्रचंड उद्योग आहेत, त्यांचं खत कुरणांवर आणि शेतांवर पडतं, आणि टर्की तिथे चरायला उतरतात. तिथे ज्याची भीती आहे तो रोग म्हणजे ब्लॅकहेड. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव आतड्याला आणि यकृताला जखमा करतो. हा जीव उघड्यावर काही तासांत मरतो. पण कोंबडीच्या पोटातल्या हेटेराकिस नावाच्या बारीक जंताच्या अंड्यात तो लपला, की मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ते अंडं गांडूळ गिळतं, गांडूळ पक्षी गिळतो. कोंबडीला सहसा याचा फार त्रास होत नाही. टर्कीचे मात्र कळपच्या कळप मरतात. कोंबडीचं आयुष्य बेचाळीस दिवसांचं, आणि तिच्या पोटातून पडलेल्या जंताच्या अंड्याचं काही वर्षांचं.

आपल्याकडे रानटी टर्की नाही. पण टर्की, मोर, तित्तिर, लावा आणि कोंबडी हे सगळे एकाच कुळातले. एकाचा रोग दुसऱ्याला ओळखीचा. ब्लॅकहेड मोराला होतो. आपल्या गावांत मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोगही मोरांना आणि तित्तिरांना होऊ शकतो.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताज्या तुसावर वाढलेल्या ब्रॉयलरच्या खतात जंताची अंडी कमी असतात, कारण पोटात गेलेला जंत अंडी घालू लागेपर्यंत महिनाभराच्या आसपास वेळ जातो, आणि तोवर कोंबडीचीच गाडीत चढायची वेळ येते. धोका वाढतो तो एकाच गादीवर दुसरी, तिसरी बॅच काढली की. आणि महिनोन्‌महिने मातीवर फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांच्या खतात. बाजारात हे सगळं खत एकाच नावानं विकलं जातं. घेणारा विचारतो तो भाव आणि ओलावा. जुनं की नवं, एका बॅचचं की तीन बॅचचं, हे तो विचारत नाही.

विषाणूंना तर एवढीही सवड लागत नाही. देशातला पाळीव कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरमध्ये सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. २०२५ च्या जानेवारीत लातूरच्या उदगीरमध्ये कावळे पटापट पडले, त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूच निघाला. कावळे शहरात, माणसांच्या डोळ्यांसमोर मेले म्हणून कळलं. बांधाखाली मेलेला तित्तिर रात्रीत मुंगूस किंवा रानमांजर नेतं. त्याचा नमुना भोपाळला कोण पाठवणार?

आणि वेळ तरी कोणती पडते पाहा. खत पसरतात एप्रिल-मेमध्ये. तित्तिराची वीण एप्रिलच्या सुमारास सुरू होते, मोराची पावसाच्या तोंडावर. दोघंही घरटं करतात ते जमिनीवर, बांधाच्या गवतात नाहीतर झुडपाच्या आडोशाला. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की पहिले दिवस किड्यांवरच जगतात, आणि किडे मिळतात ते याच खतात. याच कन्नड तालुक्याच्या उत्तरेला १९८६ मध्ये घोषित झालेलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, तिथल्या पाखरांसाठी वनरक्षक आहेत. देवगावच्या बांधावरच्या तित्तिराला फक्त शेतकऱ्याची मर्जी आहे.

त्या शेतकऱ्याला दोष देणं मला जमत नाही. गोठ्यात चार बैल होते तिथे आता ट्रॅक्टर उभा आहे. शेणखत येणार कुठून? शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडी खतात तीन टक्क्यांच्या घरात. अद्रक हे भुकेलं पीक, नऊ-दहा महिने जमिनीत राहणारं. रासायनिक खताच्या गोणीचे भाव त्याला पाठ आहेत. तो कोंबडी खत घेणारच, आणि त्यानं घ्यावं. माझी तक्रार एवढीच, की ते शेडमधून निघून थेट वावरात जातं.

कच्चं खत त्याचंही नुकसान करतं, हे त्याला ठाऊक आहे. "कोंबडी खत गरम असतं," मालक स्वतःच म्हणाला. त्या गरमीनं कोवळी मुळं जळतात, कच्च्या खताला हुमणी लागते, आणि अद्रकीला कंदकूज लागली की वर्ष हातचं जातं. मग कुजवत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, ट्रॉली आली ती मे महिन्यात. लागवड तोंडावर. थांबायला दिवस कुठायत?" मावशी तेवढ्यात घमेलं ठेवून डोळे पुसत होती. अमोनियाचा तो झणका पहिल्या तासात घशात बसतो आणि जेवतानाही सुटत नाही. कुजलेल्या खताला तो राहत नाही. म्हणजे थांबण्याचा पहिला फायदा तिच्या डोळ्यांना होता.

कुजवण्याची रीत अवघड नाही. ढीग छातीइतका उंच करायचा, त्यात मक्याच्या धाटांचा किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्यांचा थर द्यायचा. पाणी इतकंच, की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण थेंब पडू नये. वर ताडपत्री. दोन-चार दिवसांत ढिगाच्या पोटातलं तापमान पंचावन्न-साठ अंशांवर जातं. ५६ अंशांवर तीन तासांत बर्ड फ्लूचा विषाणू मरतो. जंताची अंडीही या उष्णतेत टिकत नाहीत. पण बाहेरचा थर गारच राहतो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ढीग पलटायचा, बाहेरचं आत घालायचं. ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. ताडपत्रीमुळे पाखरं ढिगावर उतरत नाहीत आणि वळवाच्या पावसात नत्र वाहून नाल्यात, विहिरीत उतरत नाही.

याला लागतात सहा-सात आठवडे. बेचाळीस ते पन्नास दिवस.

देवगावच्या आणि आसपासच्या अद्रक उत्पादकांना माझी विनंती आहे: पुढच्या लागवडीचं कोंबडी खत मेमध्ये नको, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. घेताना गादी किती बॅचची आहे ते विचारा. मेलेली पिल्लं दिसली तर ती बांधावर न टाकता खोल पुरा. आणि खत पसरणाऱ्या बायांना हातमोजे द्या. कोंबडी शेडमध्ये जितके दिवस राहिली, निदान तितके दिवस तिच्या खताला ताडपत्रीखाली राहू द्या.