गुरुवारची गोळी

माझ्या थोरल्या भगिनीच्या, म्हणजे आक्कांच्या, बोटांना सूज येऊन चार महिने लोटले होते, आणि ‘वयाचा वात’ असा निकाल देण्याची जी वहिवाट घरोघरी आहे तिला अनुसरून आम्हीही स्वस्थ होतो. परंतु भाकरी थापणे सुटले तेव्हा मात्र मी त्यांना पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो.

“मावशी, सकाळी मूठ केव्हा वळते?”

“देवपूजा आटोपल्यावर,” आक्का म्हणाल्या. म्हणजे तास-दीड तासाने. ही जबानी बाईंनी तत्काळ टिपून घेतली. कारण झिजेच्या वातातील ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. मग स्वतःच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतक्याच बेताचा दाब देत, आणि दृष्टी सांध्यावर न ठेवता आक्कांच्या मुद्रेवर ठेवीत, त्यांनी खांदे, कोपरे, मनगटे, बोटांची मुळे, मधली पेरे व गुडघे असे २८ सांधे चाचपले. बोटांच्या टोकाची पेरे निर्दोष निघाली, आणि हेही आमवाताचेच लक्षण. रक्तातील ‘आर. ए. फॅक्टर’ निरोगी वृद्धांतही आढळतो, म्हणून ‘अँटी-सीसीपी’ची अधिक भरवशाची साक्ष काढण्यात आली. तीही विरुद्ध गेली.

औषध ठरले मेथोट्रेक्सेट. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रपुत्राच्या देखरेखीखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत जे संशोधन झाले त्यातून निपजलेले हे द्रव्य मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी होते. सांध्यांसाठी ते अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात; तोवर थोडे स्टेरॉइड, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, आणि रक्तपेशी व यकृत यांची ठरल्या मुदतीने तपासणी. आक्कांचा दत्ताचा वार गुरुवार. तोच बाईंनी कागदावर ठळक लिहिला आणि आक्कांकडून तीनदा वदवून घेतला. मला हा उपचार अंमळ पोरकट वाटला.

घरी येऊन औषधाचे पाकीट पाहिले, तो दुकानातील पोऱ्याने त्यावर सवयीने लिहिले होते : ‘रोज १’. हीच गोळी रोज घेतली असता तोंडाला व्रण पडतात, अस्थिमज्जा रक्तपेशी निर्माण करण्याचे थांबविते, आणि रोगी दगावूही शकतो. आक्कांनी चष्मा लावून ते वाचले व शाईने खोडले.

वाचकहो, आपल्या घरी हे औषध असेल, तर पाकिटावर काय लिहिले आहे ते आजच पाहा.