यतीला स्वयंपाकघर नाही

मंडळी, आजचं उदाहरण थोडं गमतीचं वाटेल. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलांत सॅस्क्वाच नावाचा केसाळ, दोन पायांवर चालणारा प्राणी आहे असं बरेच लोक मानतात. मोठाले ठसे, पिरगाळलेल्या फांद्या, रात्री लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज, या त्याच्या खुणा. हसू नका, आपल्याकडेही आहे. एप्रिल 2019 मध्ये भारतीय लष्कराने मकालूच्या तळाजवळच्या ठशांचे फोटो ट्विटरवर टाकले, 32 बाय 15 इंचांचे, आणि ते यतीचे म्हणून सांगितले.

ठसे होतेच. कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पण खुणेवरून खूण करणाऱ्याकडे जायचं कसं?

नैयायिकांनी हे फार नीट मांडलंय. डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही. तरी आपण आग आहे म्हणतो. का? तर धूर आणि आग एकत्र असलेली आपण स्वयंपाकघरात पाहिलेली असतात. जिथे धूर तिथे आग, ही व्याप्ती. ती ठाऊक नसेल तर धूर हा नुसता धूर. यतीचं पाऊल उमटताना कुणी तपासून पाहिलेलं नाही. म्हणजे यतीला स्वयंपाकघरच नाही! अस्वलाला मात्र आहे. अस्वल चालतं तेव्हा त्याचा मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, दोन्ही मिळून एक लांबट, माणसासारखा ठसा होतो, आणि उन्हाने बर्फ वितळलं की तो आणखी पसरतो. 2017 मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, दात असे 9 नमुने डीएनएने तपासले. 8 अस्वलांचे निघाले, 1 कुत्र्याचा.

इथे आपले बुद्धिवादी मित्र टाळ्या वाजवून घरी जातात. थांबा जरा. गोव्यात म्हादईच्या जंगलात वाघाच्या खुणा मिळत, वनखात्याच्या कॅमेऱ्यांतही वाघ आला. तरी सरकारी बाजूने सांगितलं जाई की हे कर्नाटकातून येणारे-जाणारे वाघ. आता इथे व्याप्ती पक्की आहे. वाघाचा पंजा कसा असतो हे भायखळ्याच्या पोरालाही राणीच्या बागेत बघता येतं. वाद होता तो साध्याचा. ‘वाघ आला होता’ आणि ‘वाघ इथे राहतो’ ही दोन वेगळी विधानं. एका ठशाने पहिलं सिद्ध होतं, दुसरं नाही. पण पहिल्यावर थांबणं सोयीचं असतं, कारण राहणाऱ्या वाघासाठी जंगल राखावं लागतं.

जानेवारी 2020 मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातलेलं. आई पिल्लांसकट असते, तिला वाटसरू कसं म्हणणार?

जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.