उमेदवार अमेरिकेचा, प्रश्न आपला

2024 च्या नोव्हेंबरात आमच्या उंब्रजच्या चहाच्या टपरीवर दोन निवडणुका एकदमच रंगल्या. 5 तारखेला अमेरिकेची, 20 तारखेला आपल्या विधानसभेची. कुणी म्हणे, "कमला हॅरिसची आई भारतीय, म्हणजे ती आपलीच!" कुणी म्हणे, "ट्रम्प धडाडीचा गडी!" आम्ही बाबासाहेबांची लेकरे. आमचा सवाल वेगळा: तळातल्या माणसाच्या पदरात कोण काय टाकणार?

हा सवाल इतिहासाने शिकवला. 1912 मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डुबॉइस यांनी वुड्रो विल्सन यांना पाठिंबा दिला. न्यायाने वागवू, असा विल्सन यांचा शब्द होता. ते निवडून आले आणि 1913 मध्ये त्यांच्याच राजवटीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळे बसवू लागले. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे 1946 मध्ये त्यांनी याच डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले.

2008 मध्ये ओबामा जिंकले, 2010 मध्ये त्यांनी आपल्या संसदेत बाबासाहेबांचे नाव घेतले. आमचा ऊर भरून आला. पण आनंद वेगळा, हिशेब वेगळा.

2024 मध्ये हॅरिस हरल्या, ट्रम्प जिंकले. तिथे आपल्याला मत नव्हते, इथे आहे. माता-भगिनींनो, उमेदवार दारात आला की नाते, जात, भाषण बाजूला ठेवा. आमच्या वस्तीसाठी काय केलेत, एवढेच विचारा.

जयभीम!