पोराने बाण मागितला तर

गौताळ्याच्या डोंगराकडचा भिल्लांचा तीर म्हणजे बांबूची काडी अन् पुढे लोखंडी पाते. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातली शिकार गुन्हा ठरते; तेव्हा पाते नकोच. मात्र २०२३ साली साताऱ्याच्या आदिती स्वामीने बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवले. तसा नेम आपल्या पोरांनाही शिकावासा वाटला, तर बाण पारखून घ्या.

धनुष्य पूर्ण ताणल्यावरही बाणाचे टोक दोन-तीन बोटे पुढे राहिले पाहिजे. आखूड बाण आत निसटून हातात घुसतो. धनुष्य जितके कडक, तितकी काडी ताठ हवी. काडी सपाट पाटावर लोळवून पाहा. थडथडली तर वाकडी समजा. पिसे तीन, एकसारखी असावीत. खेळण्याआधी प्रत्येक काडी हलकेच वाकवा. करकरली तर मोडून टाका. बाण दुसरा मिळेल, पोराचा हात मिळणार नाही.