सेवाभावाला हिशेबाची जोड

स्वयंसेवी संस्था चालविण्यास सेवाभाव हवाच. परंतु केवळ त्यावर संस्था टिकत नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर यांतून पदवीच्या विद्यार्थ्यास गावाची ओळख होते. संस्थेच्या कारभाराची ओळख मात्र बहुधा राहून जाते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार नोंदलेल्या न्यासाला हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयास सादर करावा लागतो. तो वेळेवर न गेल्यास कारभार कोणाचा, असा वाद उद्भवतो आणि चांगले कार्यही खोळंबते.

म्हणून शिबिरात श्रमदानाबरोबरच विद्यार्थ्यांनी गावातील एखाद्या संस्थेची घटना वाचावी, सभेचे इतिवृत्त लिहून पाहावे, जमाखर्चाचा ताळा घ्यावा. प्राध्यापकांनी त्यासाठी वेळ राखावा. पंचायत सदस्यांनी संस्थाचालकांशी त्यांची गाठ घालून द्यावी. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना देण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली, तर उद्याचा संस्थाचालक लोकांच्या विश्वासास पात्र ठरेल.