छत्री की सायकल? खडबडीत रस्त्यासाठी छोटी बाबागाडी निवडताना

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बाळ झोपलंय म्हणून आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. सोलापूर-पुणे हायवेवर मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी आहे. तिथे जवळच खोली घेऊन राहणाऱ्या एका ताईंनी ती पाठवली होती. मिस्टर सीएनसीवर शिफ्टमध्ये. मुलगी वीस महिन्यांची, वजन अकरा किलोच्या आसपास. संध्याकाळी नातीला फिरवायचं काम सासूबाईंकडे, आणि सासूबाईंच्या कमरेला पट्टा. पंधरा दिवसांतून एकदा सोलापूरला माहेरी जायचं, तर खोलीपासून हायवेपर्यंत साधारण सातशे मीटर चालत.

ताई म्हणाल्या, "दादा, एका हातानं फटकन घडी होणारी बाबागाडी रीलमध्ये बघितली. एसटीत पण मावते म्हणतात. पण आमच्याकडं मुरूम आणि खडी. चालंल का हो?"

थेट उत्तर देण्याआधी जरा मागे जाऊ, कारण हा प्रश्न साठ वर्षं जुना आहे.

एक छत्री, एक सायकल

आज आपण ज्याला कॉम्पॅक्ट स्ट्रोलर म्हणतो, त्याचं मूळ १९६५ सालचं. इंग्लंडमधले ओवेन मॅक्लारेन हे विमान क्षेत्रातले इंजिनिअर. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या, म्हणजे लँडिंग गिअरच्या कामात त्यांचा हात होता. मुलगी नातवंडासह अमेरिकेहून यायची, तेव्हा तिची अवजड गाडी प्रवासात नकोशी व्हायची. मॅक्लारेननी ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. वजन तीन किलोच्या आत. विमानाची चाकं पोटात घेणारा माणूस, त्याला बाबागाडी मिटवणं काय अवघड!

पण ती गाडी विमानतळ आणि गुळगुळीत फुटपाथ डोळ्यांसमोर ठेवून जन्मली. लहान चाकं, बारीक नळ्या.

दुसरी गोष्ट १९८४ ची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फिल बेक्लर यांना मुलाला घेऊन धावायला जायचं होतं. साध्या गाडीची चाकं टिकेनात, म्हणून त्यांनी तिला सायकलची चाकं लावली. त्यातून तीन चाकांची 'जॉगिंग' गाडी आली. ती कुठूनही जाते, पण घडी घातली तरी अर्धी खोली अडवते.

दुकानातली प्रत्येक बाबागाडी या दोघींच्या मधे कुठेतरी असते. जितकी छत्रीकडे झुकेल तितकी घडी छोटी, जितकी सायकलकडे झुकेल तितका रस्ता सोपा. दोन्ही शंभर टक्के देणारी गाडी कुणी विकत असेल, तर तो जाहिरात विकतोय.

चाक दगडाला का अडतं?

हा एपिसोडचा मुख्य भाग, जरा नीट ऐका.

समजा रस्त्यात दोन सेंटीमीटर उंचीची खडी आहे. चाकाला तिच्यावर चढायचंय. चाक मोठं असेल तर खडी त्याला खाली, तळाजवळ भेटते आणि ते सहज वर सरकतं. चाक छोटं असेल तर तीच खडी त्याला समोरून, भिंतीसारखी भेटते.

आकड्यात बघू. पुढच्या चाकांवर ८ किलोचा भार धरा आणि गाडी हळू ढकलताय असं धरा. १३ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला ती खडी चढायला आसापाशी सुमारे ८.३ किलोचा रेटा लागतो. म्हणजे अंगावरच्या वजनापेक्षा जास्त! १८ सेंटीमीटरच्या चाकाला साडेसहा किलो. ३० सेंटीमीटरच्या चाकाला फक्त ४.६. हिशेब ढोबळ आहे, पण फरक खरा आहे. सासूबाईंच्या कमरेला कळेल असा.

आता टेप शोधायला जाऊ नका. तुमचा मोबाइल चाकाशेजारी उभा धरा. बहुतेक फोन १६ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात. पुढचं चाक फोनपेक्षा बुटकं असेल, तर ती गाडी मॉलची. फोनपेक्षा उंच असेल, तर मुरमावर विचार करण्यासारखी.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या मुलाच्या वेळी मी घडी बघून गाडी घेतली. पुढे दोन-दोन जोडचाकं, छोटीशी. तिसऱ्याच दिवशी गटाराच्या जाळीत चाक अडकलं. गाडी जागेवर थांबली, मी ढकलतच राहिलो आणि मागची चाकं उचलली गेली. बेल्ट मी "दोन मिनिटांचंच अंतर आहे" म्हणून लावला नव्हता. पोराचा ओठ फुटला. गाडीचा दोष होता का? थोडा. जास्त माझा.

चाकानंतर काय बघायचं?

पुढची चाकं एकेरी हवीत. जोडचाकांच्या फटीत खडी अडकते आणि पावसाळ्यात काळी माती भरून बसते. ती चाकं सरळ रेषेत लॉक होतात का, तेही बघा. मोकळं फिरणारं चाक दुकानातल्या फरशीवर मजा देतं, पण खडीवर थरथरतं आणि आडवं होऊन अडतं.

टायर हवेचा की भरीव? हवेचा टायर धक्के छान खातो. पण आपल्याकडे रस्त्याकडेला काय असतं? सराटे आणि बाभळीचे काटे. सायकलवाल्यांना विचारा. छोट्या गाडीचं पंक्चर काढून घेण्यापेक्षा फोमचा किंवा भरीव रबराचा टायर बरा. निव्वळ कडक प्लास्टिकचं चाक मात्र टाळा. ते खडखडाट करतं आणि लवकर झिजतं.

बेल्ट पाच जागी अडकणारा हवा: दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि एक पायांमधून. खडबडीत रस्त्यावर मूल पुढे सरकतं, नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. ब्रेक एकदा पाय दिला की दोन्ही मागची चाकं धरणारा असावा.

वजनाची मर्यादा वाचा. युरोपातलं बाबागाड्यांचं मानक ईएन १८८८. त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा २२ किलोपर्यंतच्या. ताईंची मुलगी आत्ताच अकरा किलोची. पंधराची गाडी घेतली तर लवकरच अपुरी पडेल. बावीसची मिळत असेल तर ती घ्या.

आणि बिजागरी! नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच मॅक्लारेन नावाच्या कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांबाबत अमेरिकेत रिकॉल निघाला. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ तक्रारी होत्या. कंपनीने बिजागरीवर बसवायची कव्हरं मोफत दिली. धडा आपल्यासाठी: गाडी उघडताना आणि मिटवताना मूल हातभर लांब, दुसऱ्याच्या कडेवर.

दुकानात नातवंड नको, ज्वारी न्या

रिकामी गाडी प्रत्येकच छान चालते. म्हणून दहा किलो ज्वारीची पिशवी न्या, गाडीत ठेवा, बेल्ट लावा. दुकानदार हसेल, हसू दे. मग दुकानाबाहेरच्या उखडलेल्या जागेवर पन्नास पावलं चला. दोन बोटं उंचीच्या कडेवर चढवून बघा. हँडल धरून डावी-उजवीकडे हलवा. मिस्टर कारखान्यात मशीनचा 'प्ले' तपासतात, तसाच. सांगाडा कुरकुरत आणि डुलत असेल तर सहा महिन्यांत रिव्हेट ढिले होणार.

जे ती रोज ढकलणार, त्यांनीच घडी घालून बघायची. म्हणजे सासूबाईंनी. तुमच्या एका हातानं होते म्हणून त्यांच्याही होईल असं नाही.

घडीचं माप कागदावरचं नको. स्कूटरच्या पायदानात बसते का, एसटीत सीटच्या पुढे मावते का, खोलीत दारामागे उभी राहते का? ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत आधी बघा, आणि ज्वारीची चाचणी घरातच, चाकं मळायच्या आत करा.

जुनी गाडी घ्यायलाही हरकत नाही. ब्रेक, बेल्टचं बक्कल, बिजागरी आणि चाकांचा आस, एवढं ठणठणीत हवं. कापड धुता येतं.

ढकलायचं कसं?

खडीचा पट्टा आला की हँडल थोडं खाली दाबा. पुढची चाकं हलकी होतात आणि चढतात. फारच वाईट पाच-दहा पावलं असतील तर गाडी उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत न्या. पण तेवढंच, कारण तेव्हा मूल नजरेआड असतं. भाजीची पिशवी हँडलला लटकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे कलंडते, आणि मूल बसलेलं असताना चढ आला तर त्याच्यासकट.

ऊन आणि काळी माती

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. ऊन लागू नये म्हणून लोक गाडीवर चादर टाकतात. चादर आपल्या सोलापूरची असली तरी नका टाकू! हवा कोंडते आणि आत जास्त तापतं. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं: कोरडं कापड टाकल्यावर गाडीतलं तापमान वाढलं. उलट पातळ ओलं कापड आणि सोबत छोटा पंखा असेल, तर ते जवळपास ५ अंशांनी उतरलं. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या कापडाची युक्ती इथे चालण्यासारखी आहे. कापड जुन्या सुती साडीचं, बाजू उघड्या, आणि वाळलं की पुन्हा ओलं. तरीही दुपारी बाहेर न पडणं हेच पहिलं. बक्कल उन्हात तापलेलं असतं, लावण्याआधी हात लावून बघा.

पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे चाकांना धरले की कुठलीच छोटी गाडी चालत नाही. ते दिवस कडेवर किंवा पाठीवरच्या कॅरिअरचे.

मग ताईंनी काय करायचं?

मी ताईंना एक काम सांगितलं होतं. रस्त्याचा व्हिडिओ काढा, पण फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून. म्हणजे गाडीतल्या मुलीला दिसेल तसा.

व्हिडिओ आला. पहिला दोनशे मीटरचा मुरूम ठीक होता. १८ सेंटीमीटरची चाकं त्यावर चालतील. पण पुढे साइडपट्टी जवळपास संपते. गुडघ्याच्या उंचीवरून पडदाभर दिसतो तो कंटेनरचा टायर. धुळीचा लोट थेट कॅमेऱ्यावर. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला एवढ्या बुटक्या गाडीतलं मूल आरशात दिसेल का, हा प्रश्न मला पडला. ताईंनाही पडला. त्या म्हणाल्या, "रोज ह्याच रस्त्यानं जाते दादा, पण असा कधी बघितलाच नव्हता."

म्हणून आमचं दोघांचं ठरलं ते असं. गाडी घ्यायची: पुढची चाकं फोनपेक्षा उंच, एकेरी, लॉक होणारी, भरीव टायर, वजन सात-आठ किलोपर्यंत. सर्वांत छोट्या घडीचा हट्ट सोडायचा. ती गाडी संध्याकाळी खोलीपासून देवळापर्यंत, सासूबाईंसाठी. माहेरी जाताना गाडी मिटवून एका हातात किंवा मिस्टरांकडे, आणि मुलगी पाठीवर. हायवेच्या कडेनं तिला चाकांवर न्यायचं नाही. गाडी कितीही भारी असो.

तुम्हीही खरेदीआधी एवढंच करा. गुडघ्यावर फोन धरा, घरापासून नेहमीच्या ठिकाणापर्यंत चाला, आणि तो व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवा. रील नंतर बघा.

तुमच्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवला तर पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत बेल्ट लावा, दोन मिनिटांचं अंतर असलं तरी. भेटू!