पडद्यावरचे बाबासाहेब

आजच्या मुलांना बाबासाहेब पुष्कळदा पुस्तकाआधी पडद्यावर भेटतात. म्हणून कोणी काय दाखविले आणि काय गाळले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८२ साली रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' आला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात १९३२ चा पुणे करार नाही, बाबासाहेबांचे पात्रही नाही. चित्रपट जगभर गाजला, म्हणूनच ही उणीव आम्हांला अधिक बोचली.

ती २००० साली जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाने बरीच भरून काढली. या भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी, महाडचा सत्याग्रही, गांधीजींशी स्पष्ट मतभेद मांडणारा नेता आणि नागपूरची दीक्षा, असे अवघे जीवन त्यात आहे. मात्र एवढा पट तीन तासांत बसविताना प्रत्येक प्रसंगाला वेळ थोडाच मिळतो.

श्याम बेनेगल यांच्या 'संविधान' (२०१४) या दहा भागांच्या मालिकेचा विषयच घटना समिती. तेथे सचिन खेडेकरांचे बाबासाहेब आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे देतात. घटनाकार ठळक होतो, चवदार तळ्यावरचा लढवय्या मागे राहतो.

बँकेत आम्ही नुसत्या खतावणीवर विसंबत नाही. मूळ व्हाउचर काढून ताळा पाहतो. विद्यार्थी बंधू-भगिनींनीही तसेच करावे. चित्रपट जरूर पाहावा. पण दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांपैकी एखादा उघडावा. तेथे बाबासाहेब स्वतः बोलतात.